पेंटरच्या डोळ्यांतलं कडं

रंगाचं काम करणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर एकही डाग नाही, असं मी आयुष्यात एकाच माणसाच्या बाबतीत पाहिलं. आमचा पेंटर. सकाळी पांढरा पायजमा, पांढरा सदरा घालून उदगीरच्या आमच्या घरातून निघायचा, दिवसभर कुठल्या तरी शाळेच्या भिंतीला चिकटून राहायचा आणि संध्याकाळी तसाच पांढरा परत यायचा. कुणी कौतुक केलं की म्हणायचा, "रंग भिंतीला द्यायचा असतो, सदऱ्याला न्हाई." तो माझा सख्खा थोरला भाऊ. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणायची, पण बोलणं निघालं की साऱ्या गावासारखं माझ्याही तोंडात पेंटरच यायचं आणि अजूनही तेच येतं. तो मला तंगी म्हणायचा. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, आणि आमचं घर निम्मं कानडीच होतं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. वडील लवकर गेले होते.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा पेंटरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका फटक्यात गावोगावच्या पाट्या खोट्या ठरल्या होत्या. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, जनावरांचा दवाखाना, सगळीकडं 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं. हा सायकलला डबे अडकवून निघायचा आणि दिवसाला दोन-तीन गावांचा जिल्हा बदलून यायचा. दुसरे पेंटर सगळी पाटी पुसून नव्यानं लिहीत. हा फक्त जिल्ह्याचं नाव झाकायचा आणि तिथं 'लातूर' असं बसवायचा, की जुनं अक्षर कुठलं आणि नवं कुठलं ते हात लावूनही कळू नये. "पाच अक्षरांच्या जागेत तीन बसवायची म्हंजे सोपं न्हाई, अव्वा," तो जेवताना सांगायचा. "मधी मोकळं सोडलं तर पोकळ दिसतंय, ताणलं तर येडं दिसतंय." अव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, "जिल्हा नवा आला, पण पाणी कुठं आलंय?"

पाणी खरंच नव्हतं. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. अव्वाकडं तांब्याची भांडी होती, दोन हंडे, एक घागर आणि एक घंगाळ. तिच्या आईनं लग्नात दिलेली, काठावर ठोक्यांनी नाव घातलेली. टँकरचं पाणी ती त्यांतच साठवायची. घरात प्यायला पाणी पुरायचं नाही, पण चिंच लावून भांडी लखलखीत ठेवण्यात ती कधी चुकली नाही.

पेंटरचे डोळे पिवळे झाले ते त्याच उन्हाळ्यात. कावीळ म्हणून एकानं मुळी बांधली, दुसऱ्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवली. तिसऱ्यानं सांगितलं की रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी उपाशीपोटी द्या, पोटातलं सगळं साफ होतं. अव्वाला हे पटलं, कारण तांबं घरात होतं. पेंटर रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून तांब्याभर पाणी प्यायचा आणि रिकामा तांब्या तिच्या हातात द्यायचा. पाणी इतकं कमी असताना त्याच्या वाट्याचं पाणी आम्ही कधी कमी केलं नाही. हे लिहिताना मला काही वाटायला हवं. वाटत नाही. इतक्या वेळा आठवून झालंय की आता ते दुसऱ्या कुणाच्या घरचं असल्यासारखं आठवतं.

कावीळ गेली आणि आली, गेली आणि आली. पावलं सुजली. पोट पुढं आलं. मग हात थरथरायला लागला, जीभ जड झाली. हाताला आधार म्हणून तो एक काठी भिंतीला टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचा. आता तुम्हीच बघा. पिवळे डोळे, सुटलेलं पोट, कापता हात, अडखळती जीभ आणि अंगाला टर्पेंटाइनचा वास! गावाला आणखी काय पाहिजे? पेंटर प्यायला लागला, असं आधी चहाच्या टपरीवर ठरलं, मग गल्लीत, मग आमच्या घरात. अव्वा त्याचा सदरा धुवायला घेताना आधी नाकाशी धरायची. तो बघायचा आणि म्हणायचा, "टर्पेंटाइन आन् देशी यातला फरक ज्याला कळत न्हाई, त्यानं मला शानपन शिकवू ने." पण हे तो बाहेरच्यांना म्हणायचा. अव्वाला काही म्हणायचा नाही. आम्ही लिंगायत, आमच्या घरात सात पिढ्या कुणी थेंब घेतलेला नाही. त्यानंही कधीच घेतला नाही. हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुमच्या मनात किंतू नको.

शेवटी तो एकटाच रेल्वेनं हैदराबादला गेला. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला काळोख्या खोलीत बसवलं, डोळ्यासमोर दिवा धरला आणि बुबुळाच्या कडेनं फिरलेलं तपकिरी-सोनेरी कडं शोधून काढलं. ते तांब्याचं होतं. आपल्या रोजच्या खाण्यात थोडं तांबं असतंच, ते बाकीच्यांच्या अंगातून बाहेर पडतं, याच्या अंगातून जन्मापासूनच पडत नव्हतं. आधी ते लिव्हरमध्ये साठत गेलं, लिव्हर भरलं, आकसलं, टणक झालं, मग ते डोक्यात आणि डोळ्यांत गेलं. तांब्याच्या पाण्यानं हा आजार झाला नव्हता, पण असल्या माणसाला आम्ही आणखी तांबं पाजत होतो. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, डॉक्टर म्हणाले. तांबं बाहेर पडत राहील, लिव्हर किती सावरेल ते सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले का?

होतेच. माझ्या वडिलांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं होतं. आमच्या सरहद्दीकडं मामानं भाचीला करायची रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वडिलांची ती थोरली बहीण म्हणजे अव्वाची आई. आम्ही तिला अज्जी म्हणायचो. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं की हा दोष दोन्हीकडून आला तरच आजार होतो, आणि एका घरातलंच रक्त दोन्हीकडून आलं की ती शक्यता वाढते. "भावंडं किती?" त्यांनी विचारलं. "एक बहीन." "तिला आधी आणा."

पेंटर परत आला आणि त्यानं घरात एक अक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अव्वा टँकरच्या रांगेत गेली असताना त्यानं दोन्ही हंडे, घागर आणि घंगाळ हातगाडीवर घातलं, भांड्यांच्या दुकानात मोडीत दिलं आणि बदल्यात स्टीलची भांडी आणली. अव्वा परत आली तेव्हा चुलीशेजारी नवंकोरं स्टील चकाकत होतं. तिनं डोक्यावरची कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "माझी भांडी?" हा म्हणाला, "इकली." "कामून?" हा फडकं शोधायला लागला. तिनं नव्या स्टीलकडं बघितलं, त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि तिला जे समजायचं ते ती समजली. "माझ्या मायनं दिलेलं नाव घातलेलं भांडं तू पिऊन टाकलंस रे!" एवढं म्हणून ती उंबऱ्यात बसली. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. तो स्टीलच्या हंड्यावर पाणी गाळायचं फडकं बांधत राहिला.

मग हिला चष्मा लागलाय असं सांगून त्यानं मला हैदराबादला नेलं. मी तेव्हा डी.एड. करत होते, चष्म्याची गोष्ट खपून गेली. पहिल्या खेपेला डोळे बघितले, रक्त घेतलं आणि एक मोठा प्लास्टिकचा कॅन दिला. एक दिवस आणि एक रात्रीची सगळी लघवी त्यात साठवून आणायची, धातूचं भांडं लागू द्यायचं नाही. लाज वाटून मी रडले. पेंटर म्हणाला, "अगं, मी बी नेलाय. माझा तर डाव्या हातानं धरून नेला, उजवा कापत व्हता." दुसऱ्या खेपेला तो भरलेला कॅन मांडीवर घेऊन आम्ही रेल्वेत बसलो. दुष्काळात भरलेला कॅन! सगळा डबा बघत होता. शेवटी समोरची बाई म्हणाली, "दादा, लेकरासाठी घोटभर द्या की." पेंटर म्हणाला, "मावशी, हे प्यायचं पानी न्हाई." बाई भडकलीच. "आता पाण्यात बी जात निघाली का? एवढं जपून कुणाला पाजनार हायेस?" पुढच्या स्टेशनवर तो उतरला, धापा टाकत नळावरून तिची बाटली भरून आणली आणि तिच्या हातात दिली. मग माझ्या शेजारी बसून तोंडाला रुमाल लावून इतका हसला की मलाही हसू आवरेना.

मला तोच आजार निघाला. मला काहीच होत नव्हतं, जेवत होते, झोपत होते, आरशात डोळे स्वच्छ होते. लिव्हर जरासं सुजलं होतं, इतकंच. डॉक्टर पेंटरकडं बघून म्हणाले, "ही वेळेवर आली. गोळ्या सोडल्या नाहीत तर ही म्हातारी होईल." पेंटरनं विचारलं, "आन् मी?" डॉक्टरांनी थोडा वेळ कागदावर लिहिलं आणि मग म्हणाले, "तुम्हीपण गोळ्या सोडू नका." बाहेर आल्यावर पेंटर मला म्हणाला, "ऐकलंस न्हवं? तुझं येगळं सांगितलं, माझं येगळं."

परतीच्या गाडीत त्यानं मला सगळं समजावून सांगितलं आणि गप्प राहायचं वचन घेतलं. अव्वाला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी अज्जीला सांगणार, तिच्या पोटात काही राहत नाही. अज्जीला कळलं की बिदरपासून लातूरपर्यंत सगळ्या पाहुण्यांना कळणार. "मग तुला कोन करून घेईल? रोगाचं घरानं म्हनत्याल. तुझी लेकरं व्हईस्तोवर, त्यांची तपासनी व्हऊन त्यांची लग्नं व्हईस्तोवर गप राहायचं." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुसरं म्हंजे, अव्वाला कळलं की तिच्या लग्नामुळं तिची दोन्ही लेकरं अशी झाली, तर ती जगल का?"  

पण एक मोठी अडचण होती. माझं लग्न ठरलेलं होतं, धाकट्या मामाशी. म्हणजे अज्जीच्या शेवटच्या मुलाशी, तेच घर, तेच रक्त. मी पाळण्यात होते तेव्हापासूनचं ठरलेलं. मला ते हवं होतं की नको, कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मामा चांगला माणूस होता. पेंटर म्हणाला, "मामा वंगाळ न्हाई. पन पुन्हा तेच व्हायचं, तंगी. तुझी लेकरं बी डोळ्यांत कडं घेऊन यायची."

कुंकू लावायला अज्जी, मामा आणि चार पाहुणे आले. मी साखरेचं ताट घेऊन दाराशी उभी होते. घरातला कर्ता पुरुष पेंटर, त्यानंच बोलायचं. तो उठून उभा राहिला, भिंतीला धरलं, आणि म्हणाला, "पोरगी देत न्हाई." सगळे आधी हसले, थट्टा वाटली. मग अज्जी जवळ गेली. ती त्याची आजीही होती आणि आत्याही, त्याला अंघोळी घातलेल्या हातांची. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "हैदराबादला खेपा कामून घालून राहिलास? तुझं पोट बघ, हात बघ. घरान्याचा काही रोग हाय का हे दारूचं हाय? एकच काय ते सांग. गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांग."

त्याचा हात छातीवरच्या लिंगापर्यंत गेला. मला वाटलं, आता सांगतो. खरं सांगायचं तर मनातून वाटत होतं की सांगावं आणि एकदाचं सुटावं. हात तिथं क्षणभर राहिला, मग खाली आला. "लिंग कशाला मधी घेतीस, अज्जी? तसंच सांगतो. दारूचं हाय."

अज्जीनं त्याच्या तोंडात मारली. तो पडता पडता वाचला. मामा चपला घालायला लागला. अव्वा कोपऱ्यात कपाळ बडवत होती, आणि मी साखरेचं ताट हातात घेऊन उभी होते. मला खरं माहीत होतं, त्या खोलीत त्याच्याशिवाय फक्त मला. मी तोंड उघडलं नाही. त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि ती नजर विनवणीची नव्हती, दटावणीची होती. त्यानंतर अज्जीच्या घरचं आमच्याकडं कुणी पुन्हा आलं नाही.

माझं लग्न भोकरला झालं, नात्याबाहेर. नवरा शाळेत कारकून. लग्नाआधी पेंटर एकटाच बसनं भोकरला जाऊन आला होता, हे मला यांनी खूप वर्षांनी सांगितलं. शाळेच्या आवारात त्यानं सगळे कागद यांच्यासमोर ठेवले. "आता न्हाई म्हनालात तर राग न्हाई. लग्नानंतर म्हनालात तर मात्र मी हाय." आमचे हे म्हणाले, "गोळ्याच घ्यायच्या ना रोज? घेऊ द्या की." पेंटरनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि हे म्हणतात, एवढा हात कापणारा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता.

गोळ्यांनी त्याला सुरुवातीला ताप आणला, अंगावर पुरळ आणलं. मग काही महिने बरे गेले, पोट उतरलं, जीभ सुटली. त्यानं चाकूरकडच्या एका शाळेची पाटी काठीविना लिहिली आणि मला पत्रातून कळवलं. पण लिव्हर जे आतून दगड झालं होतं, ते तसंच राहिलं. पोटात पुन्हा पाणी भरलं, दवाखान्यात सुई घालून काढलं, पुन्हा भरलं. मग रक्ताची उलटी झाली. लिव्हर असं आटलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, हे मला आता पाठ आहे. तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, फक्त पांढऱ्या सदऱ्याची पुढची बाजू सगळी लाल झाली होती. त्याला कुणाचं लिव्हर बसवावं, असं काही तेव्हा आपल्याकडं होत नव्हतं.

मी भोकरहून पोचले तेव्हा तो भ्रमात होता. मध्येच शुद्धीवर यायचा. एकदा आल्यावर म्हणाला, "तंगी, गोळी खाल्लीस का?" "खाल्ली अण्णा." "बरं वाटलं म्हनून सोडशील. लई जन सोडत्यात म्हने, आन् मग एकाएकी जात्यात. लई बरं वाटलं तरी सोडायची न्हाई." मी बरं म्हणाले. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, भिंतीकडं बघून कुणाला तरी पाटीची मापं सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिशीसुद्धा झाली नव्हती.

आमच्यात गेलेल्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात. खड्ड्याच्या कडेला उभं राहून लोक बोलत होते, हळू आवाजात, पण ऐकू येईल असं. एवढा कलावंत, दारूनं खाल्ला. अव्वाही तेच म्हणून रडत होती. मी उभी होते. मला रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही. वचन पाळायचं एवढंच डोक्यात होतं, आणि सकाळची गोळी घ्यायची राहिली होती, तेही.

चाळीस वर्षं मी गोळ्या खातेय. आधी त्या जुन्या, उपाशीपोटी घ्यायच्या, नंतर जस्ताच्या. वर्षातून एकदा नांदेडला पोटाची सोनोग्राफी. डॉक्टर म्हणतात, लिव्हरवर जुने व्रण आहेत पण शांत आहेत. शेंगदाण्यात तांबं जास्त, म्हणून सुरुवातीला तो बंद होता, आता थोडा चालेल म्हणतात. लातूरकडची बाई आणि शेंगदाण्याची चटणी खात नाही, यावर सासरी सगळ्यांनी थट्टा केली. अजून माझा हात तिकडं जात नाही. मला दोन मुलं झाली, दोघांची तपासणी केली, दोघं सुखरूप आहेत. धाकटीचं लग्न गेल्या वर्षी झालं. म्हणून आता हे लिहू शकते.

अव्वाला मात्र हे कळलं नाही. ती शेवटची काही वर्षं माझ्याकडं भोकरला होती. तेव्हा धाकटीचं लग्न व्हायचं होतं. एका सकाळी मी तिला भात भरवत होते. तिनं घास हातानं अडवला आणि विचारलं, "खरं सांग. माझा पोरगा पीत व्हता काय?"

मी चमचा धरून बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं. आता सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हणत होते, मनात.

"सांग की," ती म्हणाली. "ती दवाखान्याची बाई परवा बायकांना सांगत व्हती, नात्यात लगीन केलं की लेकरांना रोग व्हतात. तवापासून माझ्या जिवाला चैन न्हाई. आमच्या लग्नाचं त्याला लागलं का?"

"न्हाई अव्वा," मी म्हणाले. "दारूच व्हती. मी बघितलं व्हतं."

 तिनं डोळे पुसले. "मंग बरं," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.